मुला-नातवंडांना पैसा जपायला कसं शिकवायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी जरूर लिहा)

वडगावची आज्जी

नमस्कार मंडळी. काटकसरीचा विषय निघाला की आम्ही मोठी माणसं "आमच्या वेळी" चालू करतो आणि पोरं मोबाइलमध्ये डोकं घालतात. मला त्या वाटेनं जायचं नाही. माझं म्हणणं एकच आहे. सांगून काटकसर येत नाही. घरचा हिशेब पोरांपुढं उघडा ठेवायचा आणि त्यातला एक खरा खर्च त्यांच्या ताब्यात द्यायचा, तर येते.

आमचं घर मागाचं. वडगाव, खासबाग, शहापूर भागात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, आठवड्याची मजुरी हातात यायची आणि त्यात आठवडा बसवायचा. सणासुदीला साडीला उठाव आला की चार पैसे जास्त. लाइट गेली, माल पडून राहिला की माग बंद. मजुरी आली की ती सगळ्यांसमोर मोजली जायची. किराणा, भाडं, भिशी, दवाखान्यासाठी बाजूला काढलेले, असे ढीग चटईवर लागायचे. शेवटचा ढीग किती लहान राहतोय हे पोरांना डोळ्यांनी दिसायचं, त्यामुळं नको त्या वेळी नको ते मागणं आपोआप थांबायचं.

आता मुलगा उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे. पगार थेट बँकेत. दूध, पेट्रोल, किराणा सगळं स्कॅन करून. त्यात सोय आहे, मीही वापरते. पण सहावीतल्या नातवाला घरात पैसा येताना दिसत नाही आणि जातानाही दिसत नाही. मोबाइल पुढं केला की वस्तू मिळते एवढंच त्यानं बघितलंय. मग त्याला हावरट म्हणण्यात काय अर्थ आहे?

म्हणून सूनबाई आणि मी मिळून दोन गोष्टी चालू केल्यात.

पहिली, शनिवारच्या बाजाराची भाजी नववीतल्या नातीकडं दिली. पाकिटात ४०० रुपये रोख. उरतील ते तिचे. अट एवढीच की भाजी आठवडाभर पुरली पाहिजे आणि पालेभाजी, शेंगभाजी, फळभाजी तिन्ही असल्या पाहिजेत, नाहीतर नुसते बटाटे आणून पैसे वाचवता येतात. सुरुवातीला टोमॅटो स्वस्त दिसले म्हणून पिशवी भरून आणली, बुधवारपर्यंत खालचे नासले. मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी तिनं स्वतःच निम्मे पिकलेले, निम्मे कच्चट असे निवडून घेतले. आता तिला कळतंय की बाजार उतरताना कोथिंबिरीची पेंडी अर्ध्या भावात मिळते पण ती दुसऱ्या दिवशीच संपवावी लागते. वाटा मांडलेला असला की खालचं उलटून बघायचं हेही तिला कळतंय. घरी आल्यावर ती वहीत लिहिते, भाव आणि वजन दोन्ही.

एक नियम मात्र मी घालून दिलाय. कडोली, बेळगुंदी, उचगावकडनं डोक्यावर बुट्टी घेऊन येणाऱ्या बायकांशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची नाही. त्या बाईनं पहाटे उठून भाजी काढलेली असते. तिच्या पदरातनं ओढलेले दोन रुपये म्हणजे बचत नव्हे.

दुसरी गोष्ट, लाइटचं मीटर नातवाकडं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं आमचं बिल शून्य येतं, आणि बिल शून्य म्हटल्यावर पंखा रिकाम्या खोलीत फिरायला लागला. मुलानं त्याला नीट समजावलं. आमच्या घराला २०२२-२३ सालच्या सरासरी वापरावर १० टक्के जास्त एवढेच युनिट फुकट आहेत. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या वर गेलं तर पूर्ण बिल. आता दर रविवारी तो मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहितो. उन्हाळ्यात आकडा चढायला लागला तेव्हा घरभर फिरून दिवे त्यानंच बंद केले, आणि बापालासुद्धा टोकलं.

आता तुम्ही सांगा. ज्यांच्याकडं उत्पन्न वर्षातून एकदाच येतं ते शेतकरी काय करतात? खाऊचे पैसे कितव्या वर्षापासून द्यावेत? आणि पोरांच्या हातात फोनवरचा पैसा द्यावा का?

---

खानापूरचा शेतकरी

आज्जी, नमस्कार. आमच्याकडं शिकवणं जास्त अवघड आहे कारण पैसा एकदम येतो. ऊसबिल जमा झाल्याचा मेसेज आला की घरातल्या प्रत्येकाला वाटतं आता आपण श्रीमंत झालो. त्या आकड्यात सोळा-अठरा महिन्यांचा खर्च दडलेला असतो हे कुणाला दिसत नाही.

आम्ही त्याच रात्री कागद मांडतो. वर बिलाची रक्कम. खाली कृषी पत्तीनचं, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीचं, पीककर्ज, खताच्या दुकानाची उधारी, पुढच्या लागणीचं बेणं, नांगरट, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती. एकेक वजाबाकी मुलगा करतो, तो आठवीत आहे. पीककर्जाचं मी त्याला मुद्दाम समजावून सांगितलं. आपल्या कर्नाटकात २०२३-२४ पासून सहकारी सोसायटीचं ५ लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज बिनव्याजी आहे, पण वेळेत फेडलं तरच. तारीख चुकली की व्याज लागतं. ती तारीख त्यानं दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवलीय. खाली जो आकडा उरतो त्याला महिन्यांनी भागायचं. तो भागाकार झाला की नव्या गाडीचा विषय घरात पुन्हा निघत नाही.

आणि एक. घरचं भात आहे, तांदूळ विकत आणावा लागत नाही, म्हणून ताटात भात टाकणारी पोरं मी बघतोय. आमच्याकडं रोपलावणीला पोरांना चिखलात उतरवतो. मजुरी दुसऱ्या बायकांना देतो तीच त्यांनाही देतो, अर्ध्या दिवसाची अर्धी. त्या पैशावर त्यांचा पूर्ण हक्क. बापानं दिलेले पैसे आणि हे पैसे ती वेगवेगळे वापरतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय.

---

लेथवाला

मला हे फार पटत नाही. मी थोरल्या भावाचे कपडे घालून शाळा काढली. सहलीचे पैसे मागायचे नाहीत हे न सांगता कळायचं, आणि ते कळणं वाईट होतं. लहान वयात घरातल्या कर्जाचा आकडा पोराच्या डोक्यावर का ठेवायचा? माझ्या पोरीनं पोरगीच राहावं, मुनीम होऊ नये.

---

वडगावची आज्जी

लेथवाले भाऊ, तुमचं म्हणणं मनावर घेण्यासारखं आहे. भीती दाखवणं आणि हिशेब दाखवणं ह्यात फरक ठेवायलाच हवा. "आपल्याकडं पैसे नाहीत" हे वाक्य आमच्या घरात पोरांसमोर कुणी उच्चारत नाही. "ह्या महिन्यात हे घेतलं तर ते पुढं जाईल, कुठलं आधी?" असं विचारतो. आणि शाळेची फी, दवाखाना, सहल ह्या गोष्टी त्यांच्या हिशेबात घालतच नाही. ते मोठ्यांचं काम. पण तुम्हाला सहलीचे पैसे मागायचे नाहीत हे न बोलता कळायचं म्हणता, तिथंच माझा मुद्दा आहे. न बोलल्यामुळं पोर मनात काहीही धरून बसतं. कदाचित तुमच्या वडिलांनी सहलीचे पैसे दिलेही असते.

---

लेथवाला

हं. दिले असते बहुतेक.

---

निपाणीची लेक

माझी आई विड्या वळायची. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विडीचं काम ह्यावर किती घरं चाललीत ते इथल्यांना ठाऊक आहे. मजुरी हजार विड्यांवर. आम्ही बहिणी दोरा गुंडाळायला, पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधायला बसायचो. पान कापताना आई बोलायची नाही, पण भाव विड्यांत सांगायची. कंपासपेटी पाहिजे? मग एवढ्या विड्या. जत्रेत पाळण्यात बसायचंय? एवढ्या. आणि वळलेल्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या, त्यांची मजुरी नाही. त्यामुळं नीट वळलेली विडी म्हणजे वाचवलेला पैसा, हे आम्हाला पाचवी-सहावीतच पक्कं माहीत होतं.

मी आता शिलाई करते. मुलगा दहावीत. त्याला तीन हजारांचे बूट हवे होते, वर्गातल्या सगळ्यांकडं आहेत म्हणे. मी नाही म्हटलं नाही. त्याला मशीनजवळ बसवलं. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई २५० रुपये. त्यातनं अस्तर, धागा, हूक, लाइट वजा जाता हातात राहतात १८० च्या आसपास. भागाकार त्यानंच केला, सोळा-सतरा ब्लाऊज. मग एक ब्लाऊज कापण्यापासून काज-हूकपर्यंत किती वेळ घेतो ते त्याला बसून बघायला लावलं. गळा फिरवताना एकदा चुकलं की उसवून पुन्हा करावं लागतं, तेही बघितलं. त्यानं बूट सोडले नाहीत, आणि सोडावेत अशी माझी इच्छाही नव्हती. पण त्यानं निम्म्या किमतीचे निवडले, आणि दिवाळीच्या गर्दीत हूक लावायला रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसला. वस्तूची किंमत रुपयांत सांगितली की पोरांना तो नुसता आकडा वाटतो. आईच्या हातातल्या कामात सांगितली की ती त्यांना दिसते.

दुसरं एक सांगते, कारण आमच्या गल्लीत हे फार झालंय. गटानं मायक्रो फायनान्सचं कर्ज काढायचं, एक पैसा धंद्यात घालायचा नाही, पोराला मोबाइल घ्यायचा, आणि मग दर आठवड्याला हप्त्याच्या दिवशी घराला कडी. एकीनं नाही भरलं की गटातल्या बाकीच्यांनी भरायचं. नाती तुटली ह्याच्यापायी. वसुलीच्या दांडगाईविरुद्ध कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश निघाला हे बरंच झालं, पण नोंदणी असलेल्या कंपनीचा हप्ता त्यानं माफ होत नाही. कर्ज कशासाठी काढायचं आणि कशासाठी नाही, हे पोरांना घरातच कळायला हवं. मशीन घ्यायला काढलेलं कर्ज माझं मशीन फेडतं. मोबाइलचं कर्ज कोण फेडणार?

---

चिकोडीचा, सध्या पुण्यात

निपाणीच्या ताई, उत्तम लिहिलंय. आज्जींच्या फोनच्या प्रश्नावर: माझ्या मुलाकडं फोनवरचा पैसा आहे, पण माझ्या खात्याला जोडलेला नाही. त्याच्या नावाचं वेगळं खातं आहे, महिन्याला ठरलेली रक्कम टाकतो, संपली की संपली. महिनाअखेर दोघं बसून खात्याचा उतारा बघतो. मी ओरडत नाही, फक्त त्याला वाचायला लावतो. "चिप्स, चिप्स, कोल्ड्रिंक, चिप्स" असं मोठ्यानं वाचल्यावर त्यालाच कसंतरी झालं.

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल सावध राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, तरी लिंक येतातच. आमच्या पाहुण्यांतल्या एका कॉलेजच्या पोरानं घरच्यांच्या खात्यातनं पैसे घालवले तेव्हा घराला कळलंसुद्धा नाही.

---

खानापूरचा शेतकरी

एक विषय कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. लक्ष्मी यात्रा. आपल्या भागात गावोगावी महालक्ष्मीची यात्रा भरते, कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं त्याहून जास्त. घराला रंग, पाहुण्यांना जेवणं, लेकी-जावयांना कपडे. बहुतेक घरं कर्ज काढून करतात आणि पुढची दोन-तीन वर्षं फेडतात. वर्षभर पोराला "पेन्सिल जपून वापर" म्हणायचं आणि यात्रेला उसनवारीवर शे-दोनशे पानं उठवायची, पोरगं काय शिकणार?

---

उचगाव रोड

शेतकरी दादा, यात्रेला हात लावू नका. देवीचं आहे, एका पिढीत एक-दोनदा येतं. पाहुणा आला तर त्याला काय वजन करून वाढायचं?

---

खानापूरचा शेतकरी

हात लावत नाही, दादा. यात्रा थाटातच व्हावी. तारीख गावाला आधीपासून माहीत असते ना? आमच्या घरात तीन वर्षं आधी वेगळं खातं काढलं. दुधाच्या बिलातला ठरलेला भाग त्यात. डेअरीचं बिल आलं की पैसे भरून यायचं काम मुलीचं. पाहुणे नेहमीसारखेच आले, जेवले, आणि यात्रेनंतर दारात कुणी मागायला आलं नाही. मुलीनं मैत्रिणींना सांगितलं, "आमची यात्रा मी भरली." तिच्या तोंडचं हे वाक्य मला मोठं वाटतं.

---

उचगाव रोड

मग हरकत नाही. हे आमच्या गल्लीत सांगण्यासारखं आहे.

---

टिळकवाडीचा बँकवाला (निवृत्त)

आज्जींचं मागाचं घर वाचून एक आठवलं ते सांगतो. आपल्या गणपत गल्लीतल्या दुकानांपासून खेड्यातल्या पानपट्टीपर्यंत रोज पैसे गोळा करणारा पिग्मी एजंट सगळ्यांना परिचयाचा आहे. ही पद्धत कर्नाटकातलीच. उडुपीत १९२५ साली जी बँक निघाली, जिला पुढं सिंडिकेट बँक म्हणून लोक ओळखू लागले, ती मुळात हातमागाच्या मंदीत अडचणीत आलेल्या विणकरांना हात देण्यासाठी निघाली होती. डॉ. टी. एम. ए. पै तिच्या संस्थापकांपैकी. १९२८ मध्ये त्यांनी पिग्मी सुरू केली. एजंट दारात येऊन दिवसाला अगदी दोन आणेसुद्धा घ्यायचा. १ एप्रिल २०२० ला ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. थोडक्यात, आठवड्याच्या मजुरीत बचत कशी करायची हा विणकरांच्या घरातला प्रश्न बँकेनं शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. म्हणूनच मी पोरांना मातीचा गल्ला देण्यापेक्षा पासबुक द्या म्हणतो. गल्ल्यात पैसा वाढत नाही, आणि गरज पडली की मोठी माणसंच तो फोडतात.

पोस्टात १० वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीनं खातं चालवू शकतं. बचत खात्याला किमान ५०० रुपये लागतात. आवर्ती ठेव महिना १०० पासून, मुदत ५ वर्षं, सध्या व्याज ६.७ टक्के. म्हणजे आज्जींची नात भाजीतनं महिन्याला १०० वाचवत असेल, तर ६,००० भरून तिला साधारण ७,१३६ मिळतील. तोपर्यंत ती कॉलेज संपवत आलेली असेल. पैसे भरायला तिलाच पाठवा. काउंटरवर स्लिप भरणं, आपली सही जुळणं, पासबुकावर नोंद उमटणं, ह्यातून मूल पैशाशी धीटपणे वागायला शिकतं.

आता कळकळीची गोष्ट. बचत करायला शिकवताना ती कुठं ठेवायची हेही शिकवा. आपल्या सीमाभागात सहकाराचं जाळं मोठं आहे, त्यानं अनेकांना उभं केलंय. पण बँक आणि क्रेडिट सोसायटी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकसुद्धा त्यात आली, एका बँकेत एका ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. सोसायटीतल्या ठेवीला हा विमा नाही. एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा सोसायटीत ठेवलेली आणि नंतर दारात फेऱ्या मारणारी माणसं मी काउंटरच्या अलीकडून बघितलीत. आयुष्यभर एक चहा कमी पिऊन साठवलेले पैसे होते ते. "व्याज जास्त का देताय?" हा प्रश्न विचारायला नातवंडांना आत्तापासून शिकवा.

---

लेथवाला

साहेब, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला पोस्टात चालेल का?

---

टिळकवाडीचा बँकवाला (निवृत्त)

दहा पूर्ण होईपर्यंत तुमच्यामार्फत. पण मुलगी आहे आणि दहाच्या आत आहे, तर सुकन्या समृद्धी आत्ताच उघडा, दहानंतर उघडता येत नाही. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख. १५ वर्षं भरायचे, २१ वर्षांनी मुदत संपते, सध्या ८.२ टक्के. अठरा झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन आणि फोटो घेऊन जा. मुलीलाही न्या.

---

निपाणीची लेक

खाऊच्या पैशाचं राहिलंच. आम्ही पहिलीपासून देतो, आठवड्याला दहा रुपये, शनिवारी. मधेच संपले तर पुढच्या शनिवारपर्यंत नाही. आज्जी-आजोबांनी मात्र मागनं गुपचूप द्यायचे नाहीत. आमच्यात सासूबाईंना हे पाळणं सगळ्यात जड गेलं. मग त्यांनीच तोड काढली. गृहलक्ष्मी योजनेत सरकारकडनं महिन्याला येणाऱ्या दोन हजारांतले थोडे त्या नातवंडांच्या पासबुकात भरतात, हातात देत नाहीत.

---

वडगावची आज्जी

हे मला करायला हवं. माझ्याही पदराला सुट्टे बांधलेले असतातच.

बँकवाले साहेब, नातीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तिचा प्रश्न आहे, एखाद्या महिन्यात भाजी महाग झाली आणि शंभर उरले नाहीत तर?

---

टिळकवाडीचा बँकवाला (निवृत्त)

तिला सांगा, हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड पडतो, आणि लागोपाठ चार चुकले की पाचव्यापासून खातं चालू करून घ्यावं लागतं. म्हणून ज्या महिन्यात जास्त उरतील त्यातले पुढच्या महिन्यासाठी आगाऊ ठेवायचे. दिवाळीनंतर मेथी, वाटाणा, गाजर स्वस्त होतात, तेव्हा तिचे जास्त उरतील. ते उन्हाळ्यासाठी धरायचे.

---

वडगावची आज्जी

तिनं वही उघडून मागच्या हिवाळ्याचे भाव काढलेत. सोमवारी शाळा सुटल्यावर पोस्टात जातोय.